मावशीचं सकाळचं धुकं : काचबिंदूचं लेझर आणि कॉर्निया

(हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा आला तर ऐका.)

[००:००] दुपारचं शिवणकाम

आज मी घरच्या कोपऱ्यातून नाही, उस्मानपुऱ्यात मावशीच्या घरातून बोलतेय. मागून शिलाई मशीनचा आवाज आला तर समजून घ्या. मावशी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. गेली तीसेक वर्षं शिवतेय. पीरबाजारच्या बाजूच्या कितीतरी बायकांचे लग्नाचे ब्लाउज तिनंच शिवलेत.

तर झालं असं. मावशी आधी सकाळी सहालाच मशीनवर बसायची. उन्हाळ्यात तर पाचला. पण गेल्या वर्षभरात ती दुपारी काम करायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं, एकसष्ट झाली, सकाळी आराम करत असेल. एक दिवस मी सकाळी आले तर ती सुईत दोरा ओवत होती. चार वेळा प्रयत्न केला, मग मला म्हणाली, "पोरी, जरा ओवून दे गं. सकाळी-सकाळी नुसतं धुकं दिसायलंय. दुपारून बरं वाटतं."

सकाळी धुकं, दुपारून बरं. हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे.

मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. ती म्हणाली, मोतीबिंदू असेल. दोघींचंही चुकलं. नंबर बदलला तर दिवसभर अंधुक दिसेल. मोतीबिंदूही काही दुपारी सुट्टीवर जात नाही. सकाळी जास्त आणि दुपारी कमी, असं घड्याळ लावून येणारं धुकं म्हणजे बहुतेकदा कॉर्नियाला सूज. आणि मावशीच्या त्या डोळ्याला नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूसाठी लेझर झालं होतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मावशीसोबत तपासण्यांना फिरले, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि घरी येऊन वाचलं. तुमच्या डोळ्याचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र आज नक्की कळेल.

[०२:४०] आधी काचबिंदू

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत आपल्याकडे कायम गोंधळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते, बहुतेकदा डोळ्यातलं प्रेशर वाढल्यामुळे. ती नस एकदा गेली की परत येत नाही. म्हणून काचबिंदूचा उपचार म्हणजे गेलेली नजर आणणं नाही, उरलेली वाचवणं.

आता हे प्रेशर कुठून येतं? डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. हे अश्रू नाहीत, हे आतलं पाणी. ते बुबुळाच्या मागे तयार होतं, मधल्या काळ्या छिद्रातून, म्हणजे बाहुलीतून, पुढे येतं आणि बुबुळ जिथे डोळ्याच्या भिंतीला टेकतं त्या कोपऱ्यातल्या जाळीतून वाहून जातं. घरातल्या मोरीसारखं समजा. नळ चालू आहे आणि मोरीची जाळी मोकळी आहे, तोवर सगळं ठीक. साधारण १० ते २१ एवढं प्रेशर सर्वसाधारण मानतात.

काही लोकांच्या डोळ्यात हा कोपराच अरुंद असतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग जाड होतं, बुबुळाला मागून ढकलतं, बाहुलीतून पाणी पुढे यायला अडथळा होतो. मागे पाणी साचून बुबुळ पुढे फुगतं आणि त्या जाळीवरच जाऊन बसतं. मोरीच्या जाळीवर फडकं पडल्यासारखं. नळ तर चालूच आहे! मग काही तासांत प्रेशर ५०-६० वर जाऊ शकतं.

मावशीचं हेच झालं होतं. एका लग्नात रात्री तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, उलट्या झाल्या, मांडवाच्या लाइटभोवती रंगीत कडी दिसायला लागली. सगळे म्हणाले, पित्त झालंय. ती रात्र पित्ताच्या गोळीवर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा उजव्या डोळ्याचं प्रेशर ५४ होतं.

तेवढं एक डोक्यात ठेवा: डोकेदुखी, उलटी, लाल डोळा आणि दिव्याभोवती रंगीत कडी हे सगळं एकत्र आलं तर ते पित्त समजून झोपायचं नाही. त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. आपल्याकडे घाटी आहे, खासगी दवाखाने आहेत, पण सकाळची वाट बघायची नाही.

[०५:५०] लेझर नक्की करतं काय

तुमच्यापैकी बरेच जण लेझर म्हटलं की चष्मा घालवायचं लेझर समजतात. ते वेगळं. चष्म्याच्या लेझरमध्ये कॉर्नियालाच आकार देतात. काचबिंदूच्या लेझरमध्ये कॉर्निया हा फक्त रस्ता आहे, काम पुढे आतमध्ये असतं. किरण कॉर्नियातून आरपार जातो आणि आत पोचतो. पण रस्ता वापरला की रस्त्याला झळ लागू शकते, हाच आजचा मुद्दा.

काचबिंदूत मुख्यतः दोन प्रकारची लेझर ऐकायला मिळतात.

पहिलं, इरिडोटॉमी. अरुंद कोपऱ्यासाठी. बुबुळाच्या कडेला सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडतात. मागे अडकलेल्या पाण्याला बाहुली सोडून दुसरी वाट मिळते, बुबुळ मागे सरकतं, जाळी मोकळी होते. मावशीला हेच केलं.

दुसरं, एसएलटी. हे कोपरा मोकळा असूनही जाळीतून पाणी नीट झिरपत नाही अशा काचबिंदूसाठी. यात छिद्र पाडत नाहीत, जाळीवर हलक्या लेझरचे ठिपके देतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधला ७१८ रुग्णांचा लाइट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधी एसएलटी केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होतं. म्हणजे लेझर हे काही शेवटचं हत्यार नाही, बऱ्याचदा पहिलंच असतं.

दोन्ही दवाखान्यात बसल्या-बसल्या होतात. भुलीचे थेंब टाकतात, डोळ्यावर एक खास काच टेकवतात, काही मिनिटांत काम संपतं. त्याच दिवशी घरी. म्हणूनच लोकांना वाटतं, विषय संपला. मावशीलाही तेच वाटलं. तिनं चार वर्षं तपासणीलाच जायचं सोडलं.

[०८:३०] कॉर्नियाचा पाणी उपसणारा थर

आता कॉर्निया. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो तो. नेत्रदानात जो वापरतात, तोही हाच. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

तो पारदर्शक का असतो माहितीये? कारण तो कोरडा ठेवलेला असतो. आतल्या बाजूला सतत पाणी आहे आणि कॉर्निया स्पंजसारखा ते शोषून घ्यायला बघतो. तो फुगला की गढूळ झाला. हे होऊ नये म्हणून त्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, फक्त एका पेशीच्या जाडीचा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. तळघरात पाणी शिरू नये म्हणून मोटर लावून सतत उपसत बसतात ना, तसं या पेशी रात्रंदिवस पाणी उपसत असतात.

आणि आता महत्त्वाचं. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्वचेला खरचटलं तर नवी त्वचा येते. इथे एक पेशी मेली की शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरतात, एवढंच. तरुण वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण ३,००० पेशी असतात. वयानुसार दरवर्षी अर्धा टक्का किंवा थोड्या जास्त कमी होत जातात. हा आकडा ५०० च्या आसपास किंवा खाली आला की उरलेल्या मोटरी कमी पडतात आणि कॉर्नियात पाणी साचायला लागतं.

आता सकाळचं धुकं कळलं? रात्रभर डोळे मिटलेले असतात, त्यामुळे कॉर्नियाच्या बाहेरच्या बाजूने पाणी उडून जात नाही. दिवसा डोळे उघडे राहिले की वाऱ्याने बाष्पीभवन होतं आणि थकलेल्या मोटरींना तेवढी मदत मिळते. म्हणून सकाळी धूसर, दुपारून बरं. मावशीनं स्वतःच स्वतःचं निदान सांगितलं होतं, आम्हालाच कळलं नाही.

पुढे दुर्लक्ष केलं तर धुकं दिवसभर राहतं. मग कॉर्नियावर पाण्याचे बारीक फोड येतात, ते फुटले की डोळ्यात काच गेल्यासारखं दुखतं. याला बुलस केराटोपॅथी म्हणतात.

[११:२०] लेझरने कॉर्नियाला काय होऊ शकतं

आधी साधं. इरिडोटॉमीनंतर काही तास अंधुक दिसणं, किंचित लाली, हलकी दुखी, हे बऱ्याच जणांना होतं. कॉर्नियावर लहानसा पांढरा डागही पडू शकतो. बहुतेकांचं हे काही दिवसांत जातं. सूज उतरायला काही दिवस स्टिरॉइडचे थेंब देतात. लेझरनंतर थोड्या वेळाने प्रेशर अचानक वाढू शकतं, म्हणून तासाभरानं पुन्हा मोजतात. "घाई आहे, निघतो" असं म्हणायचं नाही.

एसएलटीनंतरही कधीकधी कॉर्नियावर हलकी सूज येते. क्वचित एखाद्याचा कॉर्निया पातळ होऊन चष्म्याचा नंबर बदलल्याचीही नोंद आहे. ज्यांच्या डोळ्यात पूर्वी हर्पिसचा संसर्ग झालाय त्यांनी तो लेझरच्या आधीच सांगावा, कारण तो पुन्हा डोकं वर काढू शकतो.

आता दुर्मीळ पण गंभीर. इरिडोटॉमीनंतर काही वर्षांनी आतल्या थराच्या पेशी एवढ्या कमी होतात की कॉर्निया सुजतो. का होतं? एक तर अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यात बुबुळ आणि कॉर्निया यांच्यात आधीच जागा कमी. बुबुळावर मारलेल्या लेझरची उष्णता किंवा धक्का जवळच्या कॉर्नियाला लागतो. दुसरं, आपल्यासारखी तपकिरी, जाड बुबुळं. निळ्या डोळ्याच्या पातळ बुबुळात छिद्र पटकन पडतं, आपल्याकडे जास्त शक्ती लागते. तिसरं, डोळ्यात आत रेंगाळणारी सूज. आणि काही संशोधकांचं म्हणणं असं, की नव्या छिद्रातून येणारा पाण्याचा झोत थेट कॉर्नियावर आदळत राहतो, त्यानंही पेशी मरतात.

लेझरचा प्रकारही महत्त्वाचा. आर्गॉन लेझर भाजून छिद्र पाडतं, उष्णता जास्त. याग लेझर सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात छोटासा स्फोट करून ऊतक फोडतं, एकूण शक्ती कमी लागते. आज बहुतेक ठिकाणी याग वापरतात, बुबुळ फार जाड असेल तर आधी आर्गॉनने पातळ करून मग याग. डोळ्यावर टेकवतात ती खास काचही उगाच नसते. ती किरण बुबुळावर एकवटते आणि कॉर्नियावर पसरट ठेवते. आधी पायलोकार्पिनचे थेंब टाकतात, त्यानं बाहुली लहान होते आणि बुबुळ ताणून पातळ होतं.

[१४:४५] जपानमध्ये काय घडलं

हा धोका जगाला सगळ्यात ठळक दिसला तो जपानमध्ये. तिथे आर्गॉन लेझरने इरिडोटॉमी फार मोठ्या प्रमाणात झाली होती. काही वर्षांनी कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे सुजलेल्या कॉर्नियाचे रुग्ण यायला लागले. २००७ मध्ये तिथली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. बुलस केराटोपॅथीच्या रुग्णांत पहिलं कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि दुसरं लेझर इरिडोटॉमी. जवळपास चौथा हिस्सा!

पण त्याच सुमाराला ब्रिटन आणि सिंगापूरच्या केंद्रांशी तुलना झाली तेव्हा ब्रिटनमध्ये असा रुग्णच सापडला नाही आणि सिंगापूरमध्ये अगदी थोडे. म्हणजे काय? "लेझर वाईट" एवढा सोपा निष्कर्ष निघत नाही. कोणतं लेझर, किती शक्ती, कोणत्या डोळ्यावर आणि त्या डोळ्याच्या पेशी आधीच किती होत्या, यावर सगळं अवलंबून आहे.

व्हॉट्सॲपवर "लेझरने कॉर्निया जातो" असा मेसेज फिरतो तेव्हा हे पुढचं कुणी लिहीत नाही.

[१६:३०] मावशीची फाइल

आमच्या घरी मात्र मेसेजची गरज नव्हती. कॉर्नियाला सूज आहे कळल्यावर मावशीनं सगळ्यांना सांगून टाकलं, "लेझरनंच घालवला माझा डोळा." राग कळण्यासारखा होता. ज्या डोळ्यावर घर चाललं, तोच.

आम्ही कॉर्नियाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पेशी मोजायची तपासणी केली. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी म्हणतात. हात लावत नाहीत, फोटो काढल्यासारखं असतं, दोन-चार मिनिटांत होतं. उजव्या डोळ्यात ६४० पेशी, डाव्यात २,२५०. कॉर्नियाची जाडी उजवी ६१० मायक्रॉन, डावी ५२५.

जाडीबद्दल एक गंमत सांगते. नागपूरजवळच्या खेड्यांत ४,७११ लोकांचे डोळे तपासलेला एक मोठा अभ्यास आहे, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आली. परदेशी पुस्तकांत साधारण ५४० च्या आसपास लिहितात. म्हणजे आपल्या लोकांचा कॉर्निया मुळात थोडा पातळ. म्हणून रिपोर्ट बघताना पुस्तकातल्या आकड्याशी नाही, स्वतःच्या दुसऱ्या डोळ्याशी आणि स्वतःच्या जुन्या आकड्याशी तुलना करायची. शिवाय कॉर्निया पातळ किंवा सुजलेला असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी मोजलं जाऊ शकतं. काचबिंदूच्या माणसाला खोटा दिलासा मिळतो.

मी मॅडमना सरळ विचारलं, "हे लेझरमुळेच झालं का?"

त्यांनी जुनी फाइल उलटून दाखवली. ज्या रात्री आम्ही पित्ताची गोळी दिली, त्या रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तो डोळा ५० च्या वर प्रेशर सोसत होता. एवढं प्रेशर स्वतःच पेशी मारतं. त्यात कॉर्निया सुजून गढूळ झालेला, त्यामुळे लेझरला नीट दिसेना, बुबुळ जाड, दोनदा बसावं लागलं, शक्ती जास्त लागली. मॅडम म्हणाल्या, "अटॅकनं किती पेशी नेल्या आणि लेझरनं किती, हे आज कुणीच वेगळं काढून सांगू शकणार नाही. पण डावा डोळा बघा. त्यालाही त्याच आठवड्यात लेझर झालं, अटॅक यायच्या आधी. तो ठणठणीत आहे."

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्रीच जायला पाहिजे होतं."

मला वाईट वाटलं, कारण त्या रात्री पित्ताची गोळी मीच आणून दिली होती.

[२०:१०] मग आईनं करायचं की नाही?

आता या गोष्टीत माझी आई येते. मावशीची धाकटी बहीण, चोपन्न वर्षांची. अरुंद कोपरा घराण्यात चालतो. सख्ख्या भावंडांना धोका जास्त. मॅडमनी आईलाही तपासायला सांगितलं आणि तिचेही कोपरे अरुंद निघाले. इरिडोटॉमीचा सल्ला मिळाला. आई म्हणाली, "ताईचं झालं ते बघितलं. मला नाही करायचं."

तुमच्या घरातही असं कुणी म्हणेल, म्हणून हे नीट ऐका.

नुसता कोपरा अरुंद आहे, प्रेशर ठीक आहे, नस ठीक आहे, चिकटलेलं काही नाही, अशा माणसाला लेझर केलंच पाहिजे असं नाही. चीनच्या ग्वांगझूमध्ये अशा ८८९ लोकांच्या एका डोळ्याला लेझर केलं, दुसरा तसाच ठेवला आणि सहा वर्षं पाहिलं. २०१९ मध्ये निकाल आला. प्रेशर वाढणं, कोपरा चिकटणं किंवा अटॅक येणं, यापैकी काहीतरी लेझर केलेल्या १९ डोळ्यांत झालं, न केलेल्या ३६ डोळ्यांत. म्हणजे फायदा आहे, जवळपास निम्मं. पण मुळात धोकाच कमी होता, म्हणून सरसकट सगळ्यांना लेझर नको असं संशोधकांनी म्हटलं. अशा लोकांना नियमित तपासणीवर ठेवता येतं. फक्त ती तपासणी खरंच व्हायला पाहिजे. ज्याला गावाहून शहरात यायला अर्धा दिवस लागतो, त्याचं गणित वेगळं.

प्रेशर वाढलंय किंवा कोपरा चिकटायला लागलाय, तर मात्र थांबण्यात धोका आहे. अशा, पन्नाशी ओलांडलेल्या ४१९ लोकांवर २०१६ मध्ये ईगल नावाचा अभ्यास आला. त्यात लेझरऐवजी थेट डोळ्यातलं भिंग काढून कृत्रिम बसवलं, म्हणजे मोतीबिंदूचंच ऑपरेशन, तर निकाल लेझरपेक्षा चांगले आले. म्हणून ज्यांना मोतीबिंदूही आहे त्यांना डॉक्टर कधीकधी तोच मार्ग सांगतात. अर्थात ऑपरेशन हे ऑपरेशन असतं, पेशी त्यातही थोड्या जातातच.

आईचं काय निघालं? एका डोळ्याचं प्रेशर २४ आणि कोपरा दोन जागी चिकटलेला. म्हणजे ती "नुसतं बघत राहू" या गटात नव्हती. मोतीबिंदूही नव्हता. लेझरच्या आधी आम्ही पेशी मोजून घेतल्या. दोन्ही डोळ्यांत २,५०० च्या पुढे. ते आकडे मॅडमनी आईला दाखवले, मावशीचेही दाखवले. आईनं दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले आणि म्हणाली, "माझ्या भरपूर आहेत की!"

गेल्या महिन्यात झालं. मावशी सोबत आली होती. तासभर थांबलो, प्रेशर पुन्हा मोजलं, घरी आलो. आई संध्याकाळी स्वयंपाकाला उभी.

[२४:००] डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे फोनमध्ये सेव्ह करून ठेवा:

१. माझा काचबिंदू कोणता, अरुंद कोपऱ्याचा की मोकळ्या? कोपरा आरशाच्या काचेने, म्हणजे गोनिओस्कोपीने, पाहिला का?

२. लेझर आत्ता गरजेचं आहे की तपासणीवर थांबता येईल? थांबलो तर किती महिन्यांनी यायचं?

३. लेझरच्या आधी कॉर्नियाच्या पेशी मोजायच्या का? ज्यांना आधी अटॅक आलाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मार लागलाय किंवा घरात कॉर्नियाचा आजार आहे, त्यांनी हे जरूर विचारावं.

४. लेझरनंतर कोणते थेंब किती दिवस? आधीचे चालू ठेवायचे की बंद? स्वतःहून बंद करायचे नाहीत.

५. कधी लगेच परत यायचं? खूप दुखणं, लाली वाढत जाणं, नजर कमी होणं असेल तर त्याच दिवशी.

आणि कोपरा अरुंद आहे कळलं असेल तर सर्दीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घ्यायच्या नाहीत. काही सर्दीच्या आणि इतर गोळ्यांनी बाहुली मोठी होऊन अटॅक येऊ शकतो. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. लेझर झालं असेल तरी दरवर्षी तपासणी हवी. तिथे सांगा, "सकाळी धूसर दिसतं का, मलाच विचारा."

[२६:३०] मावशीचं पुढं काय

मावशीला सध्या मिठाच्या पाण्याचे थेंब चालू आहेत, ५ टक्के सोडियम क्लोराइडचे. ते कॉर्नियातलं पाणी ओढून घेतात. सकाळचं धुकं थोडं लवकर विरतं, पण पेशी काही वाढत नाहीत. काचबिंदूच्या थेंबांपैकी एक बदलला, कारण डॉर्झोलामाइडसारखी काही औषधं पेशींच्या उपसण्याच्या कामातच अडथळा आणतात. ज्याच्या पेशी भरपूर आहेत त्याला सहसा त्रास नाही, मावशीला परवडणारं नाही.

पुढे पेशी आणखी घटल्या तर कॉर्नियाचं रोपण. पण आता पूर्ण कॉर्निया बदलावा लागेलच असं नाही. दात्याच्या कॉर्नियाचा फक्त आतला पातळ थर काढून बसवता येतो. टाके जवळजवळ नसतात. आत हवेचा बुडबुडा सोडतात, तो थर जागेवर दाबून धरतो, म्हणून रुग्णाला काही काळ छताकडे बघत उताणं झोपावं लागतं. नेत्रपेढीत दात्याच्या कॉर्नियाच्याही पेशी मोजतात, तशाच मशीनवर. म्हणजे कुणीतरी जाताना आपल्या शिल्लक मोटरी दुसऱ्याला देऊन जातं.

म्हणून हेही सांगते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हायला हवं. डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं थोडं उंच ठेवायचं आणि नेत्रपेढीला फोन करायचा. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. घेता येईल की नाही ते पेढीवाले ठरवतील. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, पण फोन कधीही करता येतो.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मावशीचं धुकं विरलंय, मशीन सुरू झालंय. तुम्ही आज घरी गेलात की चाळिशीच्या पुढच्या माणसाला एवढंच विचारा: सकाळी उठल्यावर कसं दिसतं? आणि दुपारी? दोन्हींत फरक आहे म्हणाले, तर या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

चला, मावशी म्हणतेय चहा झालाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या मंडळी!